बडोद्यात राहून फायरमन व्हायचं, तर कोर्स कुठला आणि कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा १९ वर्षांचा, बडोद्याच्या वाडी भागात राहतो, बारावी विज्ञान ५८ टक्क्यांनी पास, उंची १६८ सें.मी., दोन्ही डोळ्यांना उणे पाऊण नंबरचा चष्मा. फायर ब्रिगेडमध्ये जायची इच्छा आहे. शहरातल्या एका खासगी संस्थेने ‘फायर अँड सेफ्टी’चा एक वर्षाचा डिप्लोमा आणि वर ‘शंभर टक्के नोकरी’ सांगितली आहे. पहिला हप्ता याच आठवड्यात मागितला आहे. मामा म्हणून तुम्ही विचारता, भरावा का?

या आठवड्यात भरू नका. आधी मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

चष्म्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. प्रत्यक्ष आगीवर जाणाऱ्या पदांसाठी चष्म्याशिवाय ६/६ दृष्टी आणि रंगांधळेपणा नसणं ही जवळजवळ सगळीकडची अट आहे. कारण साधं आहे. धुरात जाताना तोंडावर जो मास्क चढवतात, त्याची रबरी कड चेहऱ्याला घट्ट बसावी लागते. चष्म्याच्या काड्या त्या कडेखालून गेल्या की फट राहते, फटीतून धूर आत येतो आणि सिलिंडरमधली हवा बाहेर जाते. दाढीलाही तिथे याच कारणाने मनाई असते. उणे पाऊण नंबर असताना चष्मा काढून ६/६ ची ओळ वाचणं सहसा जमत नाही. लेझर करून घेऊ, हा विचारही लगेच करू नका. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या म्हणजे सीआयएसएफच्या फायर भरतीत चष्मा आणि लेसिक (लेझरने नंबर घालवायची शस्त्रक्रिया) दोन्ही चालत नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. महापालिकांच्या जाहिरातीतली भाषा वेगवेगळी असते, ती शब्दन् शब्द वाचावी लागते. तेव्हा चष्म्याशिवायची दृष्टी, प्रत्येक डोळ्याची वेगळी, कागदावर लिहून घ्या. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवर रंगांची तपासणीही करून घ्या. सपाट तळवे, चालताना एकमेकांना लागणारे गुडघे आणि पायावर फुगलेल्या शिरा यांचीही पाहणी त्याच आठवड्यात उरकून घ्या. वैद्यकीय तपासणी भरतीच्या अगदी शेवटी होते. वर्षभराची फी आणि दोन वर्षांची मेहनत घातल्यावर तिथे बाद होणारी मुलं थोडी नाहीत.

दृष्टी बसत नसेल तर दार बंद झालं असं समजू नका, फक्त ते दार वेगळं असतं. ‘फायर अँड सेफ्टी’ या एकाच पाटीखाली तीन निरनिराळे धंदे शिकवले जातात, आणि फी घेताना त्यांतला फरक कोणी सांगत नाही. पहिला फायरमनचा: होज (पाणी मारायचा पाइप), शिडी, पंप, सुटका. दुसरा कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याचा: परमिट, तपासणी, अपघातांची नोंद, कामगारांचं प्रशिक्षण. त्यासाठी औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो, आणि त्या डिप्लोमाला बसायलाच विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी अथवा पदविका लागते. मुंबईला सायनची केंद्रीय श्रम संस्था या शिक्षणाची जुनी जागा आहे. तिसरा धंदा फायर इंजिनियरचा: इमारतीचे नकाशे, हायड्रंटची (आगीसाठीच्या पाण्याच्या नळांची) पाइपलाइन, स्प्रिंकलर, फायर एनओसी म्हणजे ना हरकत दाखला. गुजरातेत २०१३ चा आग प्रतिबंधक कायदा आला आणि त्यानंतर सुरतच्या तक्षशिला आर्केडची (२०१९) व राजकोटच्या गेम झोनची (२०२४) आग झाली, त्यामुळे या तिसऱ्या कामाला मागणी वाढली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या धंद्यात चष्मा आड येत नाही. पण बारावीनंतरच्या एक वर्षाच्या डिप्लोमाने यांतलं काहीच पूर्ण हाताला लागत नाही, आणि संस्था नेमकी हीच गोष्ट गिळून टाकतात.

आता दृष्टी ठीक निघाली असं धरून पुढे बोलू.

कोर्स निवडायची माझी पद्धत उलटी आहे. आधी नोकरीची जाहिरात, मग कोर्स, आणि शेवटी संस्था. बडोदा महापालिकेत या पदाला ‘सैनिक (फायरमन)’ म्हणतात. इथल्या गुजराती वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘लाश्कर’. महापालिकेच्या संकेतस्थळावरून सैनिक आणि सब-ऑफिसर या पदांच्या मागच्या दोन-दोन जाहिराती काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. शिक्षण, फायरमन कोर्सची मुदत, कोर्स कोणाचा चालेल, वाहन परवाना, पोहणं, वय, उंची-छाती, गुजराती भाषा यांच्याखाली रेघा मारा. ‘सरकारमान्य संस्थेचा सहा महिन्यांचा फायरमन कोर्स’ अशी मोघम ओळ दिसली की खरा घोळ तिथे आहे असं समजा. मान्य म्हणजे कोणाला मान्य? संस्थेच्या भिंतीवरचं ‘भारत सरकार नोंदणीकृत’ हे प्रमाणपत्र बहुतेक वेळा ट्रस्टच्या, सोसायटीच्या किंवा लघुउद्योगाच्या नोंदणीचं असतं. तशी नोंदणी शिवणकामाच्या क्लासलाही मिळते. आयएसओचा शिक्का संस्थेच्या कारभाराबद्दल बोलतो, कोर्सच्या मान्यतेबद्दल त्याला काही सांगायचं नसतं.

हा घोळ सोडवायला माहिती अधिकाराचा अर्ज उत्तम. गुजरातेत फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महापालिकेच्या माहिती अधिकाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: मागच्या सैनिक भरतीत निवड झालेल्या उमेदवारांनी कोणकोणत्या संस्थांची प्रमाणपत्रं दिली होती, आणि कोणत्या संस्थांची नाकारली गेली. नावं-गावं मागू नका, फक्त संस्थांची यादी मागा, म्हणजे वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळला जाणार नाही. महिन्याभरात जे उत्तर हातात येईल, त्यासारखा सल्ला कुठल्याही समुपदेशकाकडे मिळायचा नाही.

संस्थांपैकी निर्विवाद नाव नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचं. केंद्रीय गृह मंत्रालयाचं हे कॉलेज १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर व प्रशिक्षक, डिव्हिजनल ऑफिसर हे कोर्स तिथे चालतात, शिवाय चार वर्षांची फायर इंजिनियरिंगची पदवीही आहे. महापालिकांच्या सब-ऑफिसर पदाला बहुधा इथलाच कोर्स मागतात. तुमच्या भाच्याने पदवी पूर्ण करायची ठरवली तर हा रस्ता उघडा राहील, म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडू देऊ नका. बाहेरून का होईना, पदवीला नाव घाला. (घरात बहीण असेल तर तिलाही सांगा: हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये या कॉलेजात दाखल झालेल्या पहिल्या महिला, आणि पुढे ओएनजीसीच्या अग्निशमन सेवेत गेल्या.)

फायरमनच्या सहा महिन्यांच्या कोर्ससाठी सरकारी राज्य प्रशिक्षण केंद्रं, आयटीआयमधले अग्निशमनाचे ट्रेड, आणि १९२६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था हे ओळखीचे पर्याय. मुंबईला सांताक्रूझ-कालिना भागात महाराष्ट्राचं राज्य केंद्र आहे. आपल्याकडच्या मराठी घरांना साहजिकच तिकडचा ओढा असतो, पण त्याबद्दल शेवटी बोलतो. शारीरिक निकष या सगळीकडे साधारण सारखे: उंची १६५ सें.मी., वजन ५० किलो, छाती ८१ सें.मी. आणि फुगवून ५ सें.मी. जास्त. भाचा १६८ आहे, म्हणजे उंचीची चिंता नाही. सीआयएसएफला मात्र १७० लागते, तिथे तो दोन सेंटिमीटरने अडेल.

सगळ्यांना वाटतं, अडचण कोर्सची आहे. खरी अडचण वाहन परवान्याची असते. बंब हे जड वाहन आहे, आणि सैनिक व चालक पदांना जड वाहनाचा परवाना मागतात किंवा असल्यास पसंती देतात. मोटार वाहन कायद्यानुसार व्यावसायिक वाहन चालवायला वय किमान २० लागतं, आणि त्याचा शिकाऊ परवाना मिळण्याआधी हलक्या मोटारीचा पक्का परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. ही मोजणी पैसे देऊन पुढे ढकलता येत नाही. भाच्याने आज शिकाऊ परवाना काढला तर नियमाने ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, तिथून एक वर्ष मोजायचं, मग ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडून जड वाहनाचा अर्ज. म्हणजे लवकरात लवकर सव्वा ते दीड वर्ष. नुसती स्कूटर चालवायचा परवाना आहे म्हणून निर्धास्त बसलेले उमेदवार जाहिरात आली की दलालाच्या मागे धावतात. आरटीओची फेरी फी भरण्याच्या आधी व्हायला हवी.

आता कोर्समध्ये काय शिकवतात आणि कुठे मुलं पडतात, ते जरा तपशिलाने सांगतो. संस्था पाहायला जाल तेव्हा हेच तिथे दिसतंय का, ते तुम्हाला पारखता येईल.

पहिले काही आठवडे कवायत, गाठी आणि होज. गाठी म्हणजे बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड, चेअर नॉट. परीक्षेत त्या उजेडात आणि सावकाश विचारल्या तर सगळ्यांनाच येतात. चांगला प्रशिक्षक हातमोजे घालून आणि डोळे बांधून मारायला लावतो, कारण कामाच्या वेळी तीच परिस्थिती असते. चेअर नॉटमध्ये, म्हणजे माणसाला दोरावर उतरवायच्या गाठीत, मोठा फास पायांखाली आणि छोटा काखेखाली जायला हवा. उलटं झालं की माणूस दोरावर पालथा होतो.

डिलिव्हरी होज ६३ मि.मी. व्यासाचा, १५ किंवा ३० मीटर लांबीचा. त्याच्या एका टोकाला मेल कपलिंग, म्हणजे आत शिरणारा जोड, आणि दुसऱ्या टोकाला फिमेल, म्हणजे त्याला आत घेणारा. आपल्याकडच्या पद्धतीत पंपाचं तोंड फिमेल असतं, म्हणून होजचं मेल टोक पंपाकडे आणि फिमेल टोक आगीकडे, जिथे ब्रँच, म्हणजे नोझलची नळी, बसते. त्यामुळे गुंडाळी करताना फिमेल आत आणि मेल बाहेर ठेवतात. मेल हातात धरून गुंडाळी फेकली की बरोबर टोक बरोबर जागी पोचतं. नव्या मुलांची ठरलेली चूक म्हणजे उलटी गुंडाळी. मग ३० मीटर धावत जाऊन कळतं की ब्रँच बसतच नाही, आणि तोवर मागून कोणीतरी ‘वॉटर ऑन’ ओरडलेलं असतं. दुसरी चूक कपलिंगमधला रबरी वॉशर न पाहणं. वॉशर नसलेला जोड दाबाखाली फवारा उडवतो आणि पुढच्या माणसाला निम्मंच पाणी मिळतं.

पंपाचा भाग परीक्षेत जड जातो, आणि खासगी संस्थांमध्ये नेमका तोच कच्चा राहतो, कारण पंप चालवायला डिझेल, पाणी आणि मोकळी जागा लागते. थोडं गणित बघा. नोझलमधून जाणारं पाणी काढायचं सूत्र: नोझलच्या व्यासाचा वर्ग (मि.मी.मध्ये), गुणिले दाबाचं वर्गमूळ (बारमध्ये), गुणिले दोन तृतीयांश, उत्तर लिटर प्रति मिनिट. २० मि.मी. नोझल, ५ बार दाब: ४०० गुणिले २.२४, त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे मिनिटाला साधारण ६०० लिटर. बंबाची टाकी ४,५०० लिटरची असेल तर ती साडेसात मिनिटांत रिकामी. म्हणून बंब पोचल्याबरोबर एकाने आगीकडे आणि दुसऱ्याने पाण्याच्या पुढच्या सोयीकडे धावायचं असतं. त्याच नोझलची मागची ढकल साधारण ३२ किलो वजनाइतकी असते. एकट्याने उभ्याने ब्रँच पेलायला गेलेला मुलगा मागे फेकला जातो, आणि सुटलेली ब्रँच सापासारखी फणफणत जवळच्याचे दात पाडते. म्हणून ब्रँचवर दोघे, पुढचा पाय वाकलेला, आणि नोझल उघडणं-बंद करणं हळूहळू. झटक्यात बंद केलं की पाण्याचा धक्का मागे जातो आणि होज फाटतो किंवा पंपाला दणका बसतो.

आता हीच ब्रँच चौथ्या मजल्यावर, समजा १२ मीटर उंचीवर, ९० मीटर होजने न्यायची आहे. नोझलला ५ बार हवेत, उंचीसाठी १.२ बार (दर १० मीटरला साधारण एक बार), आणि होजमधल्या घर्षणाने सुमारे दीड बार जातो. पंपावर ७.७ बार ठेवले तर वर ५ मिळतील. हे गणित ज्याला तोंडी येतं तो मुलाखतीत उठून दिसतो. बाकीचे ‘फुल प्रेशर’ म्हणतात.

विहिरीतून किंवा नदीतून पाणी उचलताना वेगळंच शास्त्र लागतं. हवेचा दाब पाण्याला कागदावर १०.३ मीटरपर्यंत वर ढकलतो, प्रत्यक्षात सात मीटरच्या पुढे पंप दमतो. सक्शन होज १०० मि.मी. जाडीचा. त्याची जाळी पाण्याखाली निदान ३० सें.मी. बुडलेली हवी, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. आणि पाण्यापासून पंपापर्यंत पाइप सतत चढता हवा. कठड्यावरून जाताना मध्ये कुबड आलं की तिथे हवा अडकते. प्रायमर (पाइपातली हवा काढणारं यंत्र) कितीही फिरवा, व्हॅक्यूमचा काटा थरथरत राहतो आणि पाणी येत नाही. अशा वेळी मुलं पंपाला दोष देतात. आधी वॉशर, मग जाळी, मग कुबड, या क्रमाने पाहायचं.

श्वसन उपकरण, म्हणजे बी.ए. सेट, हा कोर्सचा गाभा. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की त्यात १,८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर श्वास धरला तर ४५ मिनिटं, आणि जाहिरातींत हाच आकडा छापतात. प्रत्यक्ष जिने चढत, माणूस ओढत काम करणारा मिनिटाला ६० लिटरही घेतो, म्हणजे अर्धाच तास. हवा संपत आल्याची सेटची शिट्टी साधारण ५० बारला वाजते. तेव्हा ३०० लिटर उरलेली असते, अशा श्रमात पाच मिनिटांची. शिट्टी वाजल्यावर परत फिरायचं, असं जो शिकवतो त्याच्याकडे मुलाला ठेवू नका. शिट्टी वाजेल तेव्हा माणूस दाराबाहेर असायला हवा. आत कधी एकट्याने जायचं नाही, बाहेर फळीवर नाव, वेळ आणि दाब लिहूनच जायचं. अंधारात पाय सरकवत चालायचं, हाताची पालथी बाजू पुढे ठेवून चाचपायचं. तळहात पुढे असला आणि उघडी वायर लागली तर बोटं आपोआप तिलाच आवळून धरतात.

लेखी परीक्षेतला एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. भारतीय मानकाप्रमाणे आगीचे वर्ग: ए म्हणजे लाकूड-कापड-कागद, बी म्हणजे द्रव इंधन, सी म्हणजे वायू, डी म्हणजे धातू. अमेरिकी पुस्तकांत सी म्हणजे विजेची आग. स्वस्त गाइडांमध्ये दोन्ही पद्धती एकत्र छापलेल्या असतात आणि मुलं ‘गॅस सिलिंडरची आग बी’ लिहून गुण घालवतात. आपल्या पद्धतीत विजेच्या आगीला वेगळा वर्गच नाही: आधी वीज तोडायची, मग जे जळतंय त्याचा वर्ग धरायचा. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. अमोनिया हलका, वर जातो. क्लोरीन जवळजवळ अडीच पट जड. नंदेसरी, बाजवा, कोयली ही कारखान्यांच्या पट्ट्यातली नावं घराच्या आसपास असलेल्या बडोदेकराला हे तरी पाठ हवं.

तर त्या खासगी संस्थेत जा, पण ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका, थेट मैदान दाखवा म्हणा. स्वतःचा बंब किंवा निदान चालू पंप आहे का, तो तुमच्यासमोर सुरू करून दाखवतात का? बी.ए. सेट किती आणि बॅचमध्ये मुलं किती? चाळीस मुलांत दोन सेट असतील तर भाचा सहा महिन्यांत चार वेळाही मास्क लावणार नाही. सिलिंडरवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने करायच्या तपासणीची) तारीख वाचा. तारीख उलटून गेली असेल तर तो सेट नुसता फोटोसाठी आहे. हवा भरायचा कंप्रेसर कुठे आहे ते विचारा. होज हाताने चाचपा: वापरातला होज ओला किंवा चिखलाने डागळलेला असतो, कोरा, घडी न मोडलेला होज पाहून खूश होऊ नका. ड्रिल टॉवर (सरावाचा मनोरा) नसेल तर शिडी कुठे लावतात? शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर, हे तरी प्रशिक्षकाच्या तोंडून लगेच यायला हवं. आणि ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणजे नेमकी कोणती, तेही विचारा. बहुतेक वेळा ती रिफायनरीच्या शटडाउनमधली (दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या दिवसांतली) कंत्राटी फायर वॉचरची असते: वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ एक्स्टिंग्विशर घेऊन बारा तास उभं राहायचं, आणि शटडाउन संपलं की घरी. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही, अनुभव म्हणून चालेल. पण भविष्य निर्वाह निधीची नोंद आणि कंत्राटदाराच्या लेटरहेडवरचं पत्र असल्याशिवाय तो अनुभव पुढच्या भरतीत मोजला जात नाही.

महापालिकेखेरीज विमानतळ प्राधिकरणाची ज्युनियर असिस्टंट (फायर) भरती लक्षात ठेवा. तिथे बारावी चालते, उंची १६७, म्हणजे भाचा जेमतेम बसतो. परवाना मात्र तिथेही लागतो, हलक्या मोटारीचा असेल तर ठरावीक काळ जुना. प्रशिक्षण निवड झाल्यावर तेच देतात, त्यामुळे आधी कोर्सवर पैसा घालायचं कारण नाही. सीआयएसएफमध्येही तसंच, पण उंचीमुळे तो विषय सोडून द्या.

शरीराची तयारी मात्र कोर्सची वाट पाहत नाही. सीआयएसएफचं ५ किलोमीटर २४ मिनिटांत हे माप कुठल्याही भरतीच्या तयारीला चांगलं. किलोमीटरला चार मिनिटं ४८ सेकंद पडतात. कमाटीबागेत सकाळी पळणारे खूप दिसतील, पण घड्याळ लावून पळणारे थोडे. दोरावर चढण्यासाठी बडोद्यात आपल्या हाताशी जुनी सोय आहे: माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचा आखाडा आणि मल्लखांबाची परंपरा. दोरीच्या मल्लखांबावर सहा महिने घालवलेल्या मुलाला भरतीतला दोर किरकोळ वाटतो, कारण जिममधल्या मुलासारखा तो नुसत्या दंडाने ओढत नाही, पायांची अढी घालून चढतो. वजन उचलून जिना चढणं-उतरणं हीदेखील चाचणी अनेक ठिकाणी असते. वाळूची पोती १५ किलोपासून सुरू करून ५० पर्यंत न्या, आणि उतरतानाचा सराव जास्त करा, गुडघे उतरताना जातात.

पोहण्यात ढिलाई नको. २०१९ आणि २०२४ चे विश्वामित्रीचे पूर, हरणी तळ्यातली बोट दुर्घटना, २०२५ मध्ये कोसळलेला महीवरचा गंभीरा पूल यांमुळे इथल्या लाश्करांचं नाव पाण्यातल्या कामाशीही जोडलं गेलं आहे. लालबाग किंवा सरदारबागच्या तरण तलावात नुसतं पोहायला शिकून थांबू नका. कपड्यांसकट पोहणं, पाण्यात उभं राहणं आणि बुडणाऱ्याला मागून धरणं हेही यायला हवं. समोरून धरायला जाणारा स्वतः बुडतो. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकाइन बोटीच्या स्फोटात ६६ फायरमन गेले त्यांच्या स्मरणार्थ. त्या दिवसांत ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात. भाच्याला दांडिया बाजारच्या केंद्रावर पाठवा आणि तिथल्या सैनिकांना ड्यूटीचे तास, रजा, पगाराची पावती याबद्दल अदबीने विचारायला सांगा. चोवीस तास हातात फोन असलेल्या घरात लग्नकार्याला मुलगा नसेल, हे तुम्हालाही आधी कळलेलं बरं.

आता मुंबई-पुण्याचा ओढा. महाराष्ट्रातल्या महापालिकांत अर्ज करताना अधिवासाचा दाखला आणि मराठी लिहिता-वाचता येणं विचारतात. अधिवासासाठी साधारण १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. घरात तीन पिढ्या मराठी बोलतात म्हणून तो मिळत नाही. जात प्रवर्गाचं आरक्षणही ज्या त्या राज्याच्या यादीप्रमाणे. आजोबांचा महाराष्ट्रातला दाखला गुजरातच्या भरतीत आणि इथला दाखला तिकडे चालेल असं गृहीत धरून वयाची सवलत मोजू नका; खुल्या प्रवर्गाचं वय धरूनच वेळापत्रक आखा.

इकडे भरतीची परीक्षा गुजरातीत. आपली मुलं गुजराती फाडफाड बोलतात, पण मराठी किंवा इंग्रजी शाळेतून आलेल्यांना लिहिताना ह्रस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं अडतात. रोज गुजराती वर्तमानपत्रातली एक बातमी हाताने उतरवायला सांगा, सहा महिन्यांत फरक दिसतो. आणि कागदपत्रं आत्ताच काढून एकमेकांशेजारी ठेवा. इथल्या शाळांच्या रजिस्टरांत वडिलांच्या नावाला ‘भाई’ चिकटलेलं असतं. दाखल्यावर प्रकाशभाई, आधारवर प्रकाश, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि परवान्यावर शेवटी. कागदपत्रांच्या पडताळणीला दोन-तीन दिवसांची मुदत देतात, तेवढ्यात राजपत्रातला नावबदल होत नाही. परवान्याचा अर्ज भरताना दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव आहे, अगदी तसंच, ‘भाई’सकट लिहा.